कष्टकऱ्याची पाठदुखी आणि लघवीची एक तपासणी

अंगदुखी हा कष्टकऱ्याच्या जीवनाचा नित्यक्रमच आहे, असे आपल्या समाजाने जणू गृहीत धरले आहे. गोदीत पोती वाहणारा हमाल, बांधकामावर घमेली उचलणारी स्त्री, आसामच्या मळ्यात पाठीवर टोपली घेऊन दिवसभर पाने खुडणारी मजूर, झारखंडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला कामगार, यांपैकी कोणीही दवाखान्यात जाऊन पाठ दुखते असे सांगितले, की त्याचे निदान त्याच्या धंद्यावरूनच केले जाते. वेदनाशामक गोळ्या, एखादे इंजेक्शन, अशक्तपणा दिसला तर लोहाच्या गोळ्या आणि जड वस्तू न उचलण्याचा सल्ला, एवढ्यावर तपासणी संपते. ज्याचे पोटच जड वस्तू उचलण्यावर अवलंबून आहे, त्याला हा सल्ला ऐकून काय वाटत असेल, याचा विचार करण्याची कोणाला गरज भासत नाही.

बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हे निदान बरोबरही असते, हे मान्य केले पाहिजे. कष्टाने पाठ दुखते, यात शंका नाही. परंतु थोड्या रुग्णांच्या बाबतीत ते चुकीचे असते आणि ती चूक प्राणघातक ठरते. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाची पाठ महिनोन्‌महिने दुखत राहणे, रक्त कमी होत जाणे, वारंवार छातीत कफ होऊन ताप येणे आणि लघवीला फेस येणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाची शंका घेतली पाहिजे, असे वैद्यकशास्त्र सांगते. रक्ताशी संबंधित सर्व कर्करोगांत या रोगाचा वाटा सुमारे दहा टक्के आहे. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत या रोगाचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतील रुग्णांपेक्षा साधारणतः दहा वर्षांनी तरुण आढळतात. म्हणजेच घर चालवणाऱ्या वयातच तो येथे माणसाला गाठतो.

या रोगाची खूण लघवीत सापडते आणि ती सापडली त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. असे असताना ती खूण आपल्या देशातील कष्टकऱ्याच्या लघवीत का शोधली जात नाही, हा आजचा प्रश्न आहे.

एका किराणा व्यापाऱ्याची लघवी

१८४५ साली लंडनमध्ये टॉमस मॅक्बीन नावाचा पंचेचाळीस वर्षांचा किराणा व्यापारी आजारी होता. आदल्या वर्षी एका भुयारातून उडी मारून वर येताना त्याच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखे झाले होते. तेव्हापासून त्याच्या वेदना थांबल्या नव्हत्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्याचे रक्त काढण्यात आले, जळवा लावण्यात आल्या, लोह व क्विनीन देण्यात आले. काही काळ बरे वाटे आणि पुन्हा वेदना उसळत. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम मॅकिंटायर यांना रुग्णाच्या अंगावर सूज दिसली, म्हणून त्यांनी लघवी तपासली. तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. नेहमीचे प्रथिन एकदा उष्णतेने गोठले की पुन्हा विरघळत नाही. या रुग्णाच्या लघवीतील साका मात्र तापवल्यावर विरघळत होता आणि लघवी निवताच पुन्हा दिसू लागत होता.

मॅकिंटायर आणि त्यांचे सहकारी टॉमस वॉट्सन यांनी हा नमुना हेन्री बेन्स जोन्स या तरुण रसायनतज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवला आणि हे काय आहे असे विचारले. बेन्स जोन्स यांनी त्या पदार्थाचे रासायनिक परीक्षण केले. १ जानेवारी १८४६ रोजी मॅक्बीन मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या बरगड्या इतक्या मऊ झालेल्या आढळल्या, की त्या सुरीने सहज कापता येत होत्या. हाडे ठिसूळ होण्याच्या अन्य रोग्यांतही हा पदार्थ शोधला जावा, असे बेन्स जोन्स यांनी आपल्या निबंधात सुचवले. १८४७-४८ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि त्या प्रथिनाला त्यांचे नाव मिळाले. ज्या मॅकिंटायरांच्या डोळ्यांना ते प्रथम दिसले, त्यांचा लेख १८५० मध्ये आला आणि त्यांचे नाव बाजूला पडले. कर्करोगाची रासायनिक खूण म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच पदार्थ होय.

तो पदार्थ म्हणजे नेमके काय, हे समजण्यास आणखी एक शतक जावे लागले. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे ही प्रथिने शरीरातील प्लाझ्मा पेशी तयार करतात. प्रत्येक प्रतिपिंड दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचे बनलेले असते. निरोगी माणसात असंख्य प्रकारच्या पेशी असंख्य प्रकारची प्रतिपिंडे बनवतात. मायलोमात मात्र एकाच पेशीचा वंश बेबंद वाढतो, अस्थिमज्जा व्यापतो, हाडे पोखरतो आणि एकाच साच्याचे निरुपयोगी प्रथिन अखंडपणे ओतत राहतो. त्यातील हलक्या साखळ्या आकाराने लहान असल्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होतात. थोड्या असतात तोवर मूत्रपिंड त्या परत शोषून घेते. त्या अतोनात झाल्या की लघवीत उतरतात आणि वाटेत मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचून त्या बुजवून टाकतात. बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे याच हलक्या साखळ्या, हे १९६२ साली जेरल्ड एडलमन व जोसेफ गॅली यांनी सिद्ध केले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रुग्णांच्या लघवीत हे प्रथिन एकजिनसी आणि विपुल मिळत असे. म्हणूनच १९६५ साली हिल्शमान आणि क्रेग यांना त्याची रचना उलगडून हे दाखवता आले, की साखळीचा अर्धा भाग माणसागणिक बदलतो आणि अर्धा सारखाच राहतो. प्रतिपिंडांची विविधता समजण्याचा मार्ग येथून खुला झाला. प्रतिपिंडांच्या रचनेवरील कार्यासाठी एडलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिल्स्टाइन यांनी उंदराच्या मायलोमा पेशींचा उपयोग करून हवे ते एकसाची प्रतिपिंड हव्या तितक्या प्रमाणात बनवण्याची पद्धती शोधली आणि त्या मूळ पद्धतीवर एकस्वाचा हक्क घेतला गेला नाही. आज जगातील बड्या औषध कंपन्यांचा अब्जावधींचा व्यापार या पद्धतीवर उभा आहे. त्या ज्ञानाच्या पायात अनेक अनाम रुग्णांची लघवी, त्यांचे रक्त आणि त्यांच्या वेदना आहेत. असे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे असू शकत नाही. ते सर्वांचे आहे आणि त्याचे फळ सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजे.

पट्टी काय सांगत नाही

आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी होतच नाही, असे नाही. रंगीत चौकोन असलेली पट्टी लघवीत बुडवतात आणि प्रथिन आहे किंवा नाही ते रंगावरून ठरवतात. मधुमेह किंवा गरोदरपणातील विकार यांसाठी ही पट्टी उपयुक्त आहे. परंतु ती मुख्यतः अल्ब्युमिन या एका प्रथिनाला प्रतिसाद देते. हलक्या साखळ्या तिला जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे ज्या रुग्णाच्या लघवीतून दररोज कित्येक ग्रॅम बेन्स जोन्स प्रथिन वाहून जात आहे, त्याच्या कागदावरही ‘प्रथिन नाही’ असा शेरा पडू शकतो. रुग्ण समाधानाने घरी जातो आणि डॉक्टरही निःशंक होतो.

पुढे काय घडते, ते अधिक गंभीर आहे. पाठदुखीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. हलक्या साखळ्यांनी आधीच तुंबलेल्या मूत्रपिंडाला त्या निकामी होण्याच्या दिशेने ढकलतात. निदानाच्या वेळी दर पाचांपैकी एक ते दोन रुग्णांचे मूत्रपिंड बिघडलेले असते. वेळेवर ओळखले तर यातील बऱ्याच जणांचे मूत्रपिंड सावरू शकते. उशीर झाला तर उरते ते आयुष्यभराचे डायलिसिस. मणका खचलेला दिसला, तर क्षयरोग व्यापक असलेल्या आपल्या देशात साहजिकच मणक्याच्या क्षयाची शंका आधी येते आणि कित्येक महिने त्या उपचारात जाऊ शकतात. १८४५ साली मॅक्बीनला लोह दिले गेले, कारण त्याच्या रोगाचे नाव तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक असूनही रुग्णाच्या हातात लोहाच्याच गोळ्या पडतात.

हा दोष एकट्या भारताचा नाही. इंग्लंडमधील रुग्णांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मायलोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना तज्ज्ञाकडे पाठवले जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरकडे तीन किंवा अधिक वेळा खेटे घालावे लागले होते. परंतु इंग्लंडमधील रुग्णाला प्रत्येक खेपेला रोजगार बुडवून आणि खिशातले पैसे मोजून जावे लागत नाही. तिसऱ्या खेपेपर्यंत टिकून राहणे हीच आपल्याकडील मजुराला न परवडणारी गोष्ट आहे.

तपासणी कोणासाठी?

या प्रथिनाचा खात्रीने शोध घेण्याची पद्धत इलेक्ट्रोफोरेसिस या नावाने ओळखली जाते. विद्युत्प्रवाहात निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या वेगाने सरकतात आणि वेगवेगळे पट्टे उमटतात. एकाच साच्याचे प्रथिन असेल तर एकच गडद, अरुंद पट्टा दिसतो. इम्युनोफिक्सेशन या पुढच्या पायरीने तो नेमका कोणत्या साखळीचा आहे हे निश्चित होते. सुमारे पंधरा ते वीस टक्के रुग्णांत केवळ हलक्या साखळ्याच तयार होतात. अशांचे रक्ताचे इलेक्ट्रोफोरेसिस फसवे, जवळजवळ निर्दोष दिसू शकते. खरी साक्ष त्यांची लघवी देते.

ही तपासणी आपल्या देशात होते, परंतु मुख्यतः महानगरांतील मोठी रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि खाजगी प्रयोगशाळा येथे. त्यासाठी चोवीस तासांची लघवी साठवून न्यावी लागते. एका खोलीत सहा माणसे राहतात, शौचालय सार्वजनिक आहे, कामावर खाडा झाला तर मजुरी कापली जाते, अशा माणसाने हे डबे कोठे ठेवावेत, हा प्रश्न तपासणीच्या सूचनापत्रकात नसतो.

दुसऱ्या बाजूला, ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांना काहीही होत नसताना ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजे विकली जातात. निरोगी माणसाची वारंवार तपासणी आणि रोग्याची तपासणीच नाही, हे या बाजाराचे चित्र आहे. गरज आणि क्रयशक्ती यांची फारकत झाली, की बाजार नेहमी क्रयशक्तीच्याच मागे जातो.

शासनाचे धोरण ही फारकत कमी करते काय? २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराचे आश्वासन देते. परंतु ती मुळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीच्या केवळ तीन दिवसांचा खर्च तीत धरला जातो. मायलोमाचा रुग्ण दाखल होण्यापूर्वी तीन दिवस नव्हे, अनेक महिने दारोदार फिरत असतो. रोगाला नाव मिळाल्यानंतर योजना उभी राहते. नाव मिळेपर्यंतची वाट रुग्णाने स्वतःच्या खर्चाने चालायची असते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला आणि शासनाचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत हे प्रमाण २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते.

साधने नाहीत, ही सबब टिकत नाही. २०२३ साली केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू करून आदिवासी भागांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या रोगाच्या निश्चितीसाठी ज्या पद्धती वापरल्या जातात, त्यांत इलेक्ट्रोफोरेसिसही आहे. प्रथिन वेगळे, तत्त्व तेच. त्या मोहिमेच्या अंमलबजावणीविषयी कितीही प्रश्न उपस्थित करता येतील. परंतु शासनाने मनावर घेतले तर हे तंत्र दुर्गम तालुक्याच्या आवाक्यात आणता येते, हे तत्त्वतः शासनानेच मान्य केले आहे.

प्रथिनाची साक्ष

रोगाचे नाव मिळण्याला आणखी एक अर्थ आहे. निदान हा पुरावाही असतो. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर वनस्पतिनाशक विषाचा वर्षाव केला. त्या मोहिमेतील ४७९ अमेरिकन सैनिकांच्या आणि तितक्याच इतर सैनिकांच्या साठवलेल्या रक्ताची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. विष फवारणाऱ्यांपैकी ७.१ टक्के आणि इतरांपैकी ३.१ टक्के जणांच्या रक्तात एकसाची विकृत प्रथिन आढळले. २०२२ च्या कायद्याने अमेरिकेने त्या युद्धातील आपल्या माजी सैनिकांच्या बाबतीत ही अवस्था भरपाईस पात्र ठरवली. हे योग्यच झाले. परंतु ज्यांच्या डोक्यावर ते विष ओतले गेले, त्या व्हिएतनामी पीडितांनी रसायन कंपन्यांविरुद्ध केलेला दावा अमेरिकेच्या न्यायालयाने २००५ साली फेटाळला आणि २००९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. फवारणाऱ्याच्या रक्तातील प्रथिनाला साक्षीदार मानायचे आणि फवारले गेलेल्याला न्यायालयाच्या दारातूनच परत पाठवायचे, असा हा न्याय आहे.

आपल्या देशात पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके बांधून कीटकनाशके फवारणाऱ्या मजुरांची गणती नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा देशाचे लक्ष काही काळ तिकडे गेले. तत्काळ होणारा मृत्यू दिसतो. वीस वर्षांनी मज्जेत उमटणारा परिणाम, तपासणीच झाली नाही तर, कोणत्याही नोंदवहीत येत नाही. जे नोंदले जात नाही त्याची भरपाई मागता येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की रोग विरळ आहे आणि सर्वांची तपासणी केल्यास फायद्यापेक्षा गोंधळच वाढेल. पन्नाशी उलटलेल्या सुमारे तीन टक्के लोकांत असे विकृत प्रथिन अल्प प्रमाणात असते आणि त्यांतील वर्षाला केवळ एक टक्का लोकांत त्याचा कर्करोग होतो, हे अमेरिकेतील अभ्यासांनी दाखवले आहे. आइसलँडने २०१६ साली चाळिशीपुढील ऐंशी हजारांहून अधिक नागरिकांना सामावणारा मोठा अभ्यास हाती घेतला, तो अशा सरसकट तपासणीचा लाभ होतो किंवा नाही हे ठरवण्यासाठीच. तेव्हा हा आक्षेप निराधार नाही. पण मागणी सरसकट तपासणीची नाहीच. ज्याची पाठ महिनोन्‌महिने दुखते, रक्त उतरले आहे, मूत्रपिंड बिघडू लागले आहे, त्याची तपासणी व्हावी एवढीच ती आहे.

दुसरा आक्षेप असा, की लघवीची तपासणी आता जुनी झाली. २००१ पासून रक्तातील मुक्त हलक्या साखळ्या थेट मोजणारी चाचणी उपलब्ध आहे. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीही असे मत दिले, की रक्ताच्या सर्व चाचण्या हाताशी असतील तर प्राथमिक शोधासाठी, अ‍ॅमिलॉइड विकाराची शंका वगळता, लघवी तपासणे अनिवार्य नाही. यातील ‘हाताशी असतील तर’ हे शब्दच निर्णायक आहेत. ती चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी अवश्य यावी. ती येईपर्यंत जुनीही नाही आणि नवीही नाही, अशा पोकळीत रुग्णाला ठेवणे याला प्रगती म्हणता येणार नाही.

या पोकळीत आजही करता येण्यासारखे एक साधे काम आहे. सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे सौम्य द्रावण लघवीत घातले तर अल्ब्युमिनप्रमाणेच हलक्या साखळ्यांमुळेही ती गढूळ होते. पट्टी ‘नाही’ म्हणते आणि आम्लाने लघवी गढूळ होते, हा विरोधच धोक्याचा इशारा असतो. काही औषधांमुळे आणि क्ष-किरण तपासणीसाठी टोचलेल्या द्रव्यांमुळे फसवा गढूळपणा येऊ शकतो. म्हणून हे निदान नव्हे, पुढील तपासणीचे कारण आहे. यासाठी लागते ती एक बाटली, एक परीक्षानळी आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ. यांपैकी बाटली आणि नळी स्वस्त आहेत. तंत्रज्ञाची जागा मात्र वर्षानुवर्षे रिकामी ठेवली जाते किंवा कंत्राटावर भरली जाते.

म्हणून मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. दीर्घकाळ पाठदुखी आणि रक्तक्षय असलेल्या प्रौढ रुग्णाला वेदनाशामक गोळ्या चालू ठेवण्यापूर्वी त्याचे रक्त, मूत्रपिंडाचे कार्य आणि लघवीतील प्रथिन, पट्टीखेरीज आम्लानेही, तपासले जावे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रक्त व लघवीचे इलेक्ट्रोफोरेसिस विनामूल्य व्हावे आणि नमुना गोळा करून पाठवण्याची जबाबदारी रुग्णावर न टाकता रुग्णालयाने घ्यावी. तंत्रज्ञांच्या जागा कायमस्वरूपी भरल्या जाव्यात. कीटकनाशकांशी आणि रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या रोगांची स्वतंत्र नोंद ठेवली जावी. कामगार संघटनांनीही वेतन आणि बोनस यांच्या मागण्यांबरोबर निदानाची मागणी आपल्या सनदेत घातली पाहिजे.

मॅक्बीन वाचला नाही, कारण त्याच्या डॉक्टरांना रोग ठाऊक नव्हता. तरीही त्यांनी एका व्यापाऱ्याच्या लघवीची नळी हातात धरून हे काय आहे असे विचारले होते. आपल्याकडील हमालाच्या बाबतीत उत्तर पावणेदोनशे वर्षे तयार आहे. फक्त प्रश्न विचारला जात नाही. तो विचारला जावा यासाठी शासनाला भाग पाडणे, हे संघटित कष्टकऱ्यांचेच काम आहे.